आणखी एक मुक्काम

बुलढाणा जिल्ह्यात कुणालाही गाव विचारले की पाठोपाठ घाट येतो. गाव घाटावरचे की घाटाखालचे? घाटाखाली पूर्णेचे खोरे, कपाशीची काळी जमीन आणि मुंबईहून नागपूरमार्गे हावड्याला जाणारा लोहमार्ग. मलकापूर, नांदुरा, शेगाव ही त्यावरची स्थानके. घाटावर अजिंठ्याच्या रांगेचे पठार. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा ही सगळी वरची गावे, आणि तिथे आजही रेल्वे नाही. खामगाव ते जालना रेल्वेमार्गाची मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे. आजोबांनी केलेली ही मागणी नातवंडेही करत आहेत.

जिल्ह्याच्या पर्यटनाचा बराचसा प्रश्न या चढणीत आहे. शेगावला माणूस रेल्वेने येतो, संत गजानन महाराजांच्या समाधीचे दर्शन घेतो, महाप्रसाद घेतो, कचोरीचा पुडा बांधून घेतो आणि रात्रीच्या गाडीने परततो. त्याच जिल्ह्यात शंभरावर किलोमीटर पुढे लोणारचे उल्कानिर्मित सरोवर आहे, जिजाऊंचे जन्मस्थान आहे, मेहकरचा शारंगधर बालाजी आहे. परतीच्या गाडीतल्या बहुतेकांच्या मनात ही ठिकाणे आलेलीही नसतात. आली तरी ‘पुढच्या वेळी’ म्हणून मागे पडतात.

पर्यटनाचा प्रचार करणाऱ्या संस्थेत काय काम चालते, ते या पुस्तकात सांगितले आहे. प्रचाराची आखणी कशी करावी, कल्पकता कुठून आणावी आणि आकड्यांचा आधार कसा घ्यावा, असे त्याचे तीन धागे आहेत. मुंबई-पुण्याच्या जाहिरात कंपन्यांत या तिन्हींवर रोज बोलले जाते. मला ते बुलढाण्याच्या जमिनीवर तपासून पाहावेसे वाटले. ज्या जिल्ह्याकडे जाहिरातीसाठी पैसा थोडा आणि सांगण्यासारखे पुष्कळ आहे, तिथेच या कामाची खरी परीक्षा होते.

माझे म्हणणे आधीच मांडतो. या जिल्ह्याला सध्या नवा पाहुणा शोधण्याची गरज नाही. लाखांनी येणाऱ्या पाहुण्याने आणखी एक रात्र इथे काढावी, एवढे साधले तरी पुष्कळ झाले. दिवसापुरता आलेला माणूस गावात चहाचे, पाण्याच्या बाटलीचे आणि गाडीतळाचे पैसे ठेवून जातो. मुक्कामी राहिलेल्या माणसाला खोली लागते, दोन वेळचे जेवण लागते, सकाळी वाट दाखवणारा लागतो, रिक्षा लागते. कुणाच्या घरची भाकरी-ठेचा, कुणाचे रोडगे आणि वांग्याची भाजी त्याच्या ताटात येते. जिल्ह्याच्या पदरात पडणारी मिळकत त्या एका रात्रीत कितीतरी पटींनी वाढते. रस्त्यावरची गर्दी मात्र तेवढीच राहते.

व्हेनिससारख्या शहरालाही हे धोरण म्हणून पत्करावे लागले. २०२४ च्या एप्रिलपासून त्या शहराने ठरावीक दिवशी फक्त दिवसापुरत्या येणाऱ्यांकडून पाच युरो घ्यायला सुरुवात केली आणि शहरात मुक्काम करणाऱ्यांना ती रक्कम माफ केली. आपल्याला कुणावर कर बसवायचा नाही. पण दिवसाचा पाहुणा आणि रात्रीचा पाहुणा यांची मोजणी वेगवेगळी करायला आपण शिकले पाहिजे.

शेगावकडे प्रचाराचा अभ्यास करणाऱ्याने फार बारकाईने पाहावे असे मला वाटते. २३ फेब्रुवारी १८७८ रोजी, माघ वद्य सप्तमीला, गजानन महाराज या गावात प्रकट झाले. ८ सप्टेंबर १९१० रोजी, ऋषिपंचमीला, त्यांनी समाधी घेतली. पुढे दासगणू महाराजांनी ‘श्रीगजानन विजय’ या एकवीस अध्यायांच्या ग्रंथात त्यांचे चरित्र ओवीबद्ध केले आणि महाराष्ट्रभर घरोघरी त्याची पारायणे होऊ लागली. त्या पोथीत बाळापूर येते, आकोट येते, मुंडगाव येते, अकोलीच्या कोरड्या विहिरीला लागलेले पाणी येते. पोथी वाचणाऱ्या माणसाला वऱ्हाडचा हा टापू इथे पाय ठेवण्याआधीच ओळखीचा झालेला असतो. पर्यटनाच्या भाषेत बोलायचे तर एका ग्रंथाने एका प्रदेशाविषयी एवढी ओढ निर्माण केल्याची उदाहरणे मराठीत फार थोडी आहेत. एक पैसाही जाहिरातीवर खर्च न होता हे घडले. भक्तीपोटी लिहिलेल्या आणि भक्तीने वाचल्या जाणाऱ्या शब्दांनी ते घडवले.

शब्दांनी माणूस एकदा येतो. तो पुन्हा येतो ते इथल्या व्यवस्थेमुळे. शेगावच्या संस्थानात आवार स्वच्छ असते, रांग सरकत राहते, भक्तनिवासाचे दर सामान्य कुटुंबाला परवडतात, आणि सेवेकरी म्हाताऱ्या बाईलाही ‘माउली’ म्हणतो आणि तिच्या नातवालाही. हजारो सेवेकरी आपापली पाळी ठरवून, वेतन न घेता काम करतात. दीर्घकाळ व्यवस्थापकीय विश्वस्त राहिलेले शिवशंकरभाऊ पाटील ४ ऑगस्ट २०२१ रोजी गेले तेव्हा राज्यभरातून जी हळहळ व्यक्त झाली, ती या शिस्तीला दिलेली दाद होती. इथे जे मिळेल असे माणूस घरून ठरवून येतो, ते त्याला मिळते. परत गेल्यावर तो चार घरी सांगतो, आणि त्याच्या सांगण्यावर जेवढा विश्वास बसतो तेवढा कुठल्याही फलकावर बसत नाही. पर्यटन-प्रचारात शिरणाऱ्या प्रत्येक तरुणाने पहिला पगार घेण्याआधी चार दिवस शेगावच्या महाप्रसादाच्या पंगतीत वाढप करावे, असे मी अगदी मनापासून सुचवतो.

संस्थानने या शतकाच्या आरंभी आनंदसागर हे विस्तीर्ण उद्यान उभारले आणि लेकुरवाळी कुटुंबे शेगावात संध्याकाळपर्यंत रेंगाळू लागली. पुढे उद्यान काही काळ बंद राहिले, तेव्हा ‘आनंदसागर सुरू आहे का?’ हा प्रश्न निघण्याआधी फोनवर विचारला जाऊ लागला. थांबण्याला कारण दिले तर शेगावचा भक्त थांबतो, याचा हा पुरावा आहे. घाटावरच्या गावांनी तो नीट वाचायला हवा.

कचोरीची गोष्टही याच जातीची आहे. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मा यांनी १९५० च्या आसपास शेगाव स्थानकाच्या आधाराने ती विकायला सुरुवात केली. गाडी थांबे तेवढ्या मिनिटांत खिडकीतून देता येईल, हातात धरता येईल आणि प्रवासात टिकेल असा तो पदार्थ होता. आज नागपूरपासून पुण्यापर्यंत रस्त्यारस्त्यावर ‘शेगाव कचोरी’ अशा पाट्या दिसतात. बनवणारा कुणीही असो, पाटीवर नाव गावाचे असते. जिल्ह्यातल्या गावाचे नाव एवढ्या ठिकाणी पोचवणारे दुसरे काही आजवर झालेले नाही.

आता आकड्यांकडे येतो. डेटा म्हटला की संगणकाच्या पडद्यावरचे रंगीत आलेख डोळ्यांसमोर येतात. जिल्ह्यातला खरा डेटा पार वेगळ्या ठिकाणी पडून आहे. एसटीच्या वाहकाच्या तिकीट यंत्रात प्रत्येक प्रवासी कुठून कुठे गेला, हे नोंदले जाते. मेहकर आगारातून लोणारला जाणाऱ्या गाडीत रविवारी सकाळी किती माणसे चढली आणि दुपारच्या परतीला किती चढली, या दोन आकड्यांत लोणारच्या मुक्कामाची हकीकत मिळेल. समृद्धी महामार्गावर पथकर अंतरानुसार घेतात, म्हणून वाहन कुठून आत आले आणि कुठे बाहेर पडले, दोन्ही कळते. मेहकर आणि सिंदखेडराजाच्या फाट्यांवर शनिवारी उतरणाऱ्या परजिल्ह्यांतल्या गाड्या मोजल्या, तर कुठल्या शहरात जाहिरात द्यावी हा प्रश्न निम्मा सुटेल. ज्ञानगंगा अभयारण्याच्या नाक्यावर वही आहे, भक्तनिवासांत नोंदवह्या आहेत. कुठलाही अंदाज बांधण्याआधी एकेका ठिकाणी जाऊन बसावे, आणि मिळेल तेवढे नीट उतरवून घ्यावे.

अशा नोंदी वाचताना काही गोष्टींचे भान ठेवावे लागते. १७ मार्च २०२३ पासून राज्यात महिलांना एसटीत अर्धे तिकीट झाले. त्याआधी २०२२ च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत झाला होता. त्यानंतर देवस्थानांकडच्या गाड्यांत बायका आणि वृद्ध वाढले, तर त्याचे श्रेय आपल्या मोहिमेला घेणे हा खोटेपणा होईल. पण त्याच आकड्यातून पुढचे कामही सुचते. अर्ध्या तिकिटात निघालेल्या बायकांच्या गटाला लोणारला रात्री सुरक्षित, स्वच्छ खोली मिळते का? स्थानकावर शौचालय कसे आहे? मोहिमेचा पैसा आधी तिथे लागायला हवा.

सरासरी आकडा तर या जिल्ह्यात फसवणाराच. सिंदखेडराजाला १२ जानेवारीला जिजाऊ जन्मोत्सवासाठी जनसागर लोटतो, आणि आठवडाभरानंतर जिजाऊंचे वडील लखुजीराव जाधव यांच्या राजवाड्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसे असतात. शेगावला गुरुवार, प्रकटदिन, रामनवमी आणि ऋषिपंचमी यांचे गणित वेगळे. वर्षाचा आकडा ३६५ ने भागून मिळणारा दिवस या गावांत कधीच उगवत नाही. म्हणून आखणी तिथीने आणि वाराने करावी. माझा आणखी एक आग्रह आहे. दर्शनाला आलेल्या माणसाने खोलीसाठी दिलेला फोन क्रमांक जाहिरातीचे संदेश पाठवायला वापरू नये, त्याने आपणहून होकार दिला असेल तरच वापरावा.

कल्पकतेविषयी मात्र मला जास्त वेळ बोलायचे आहे, कारण लोणारवर तिच्या नावाने बराच अन्याय झाला आहे. जुन्या-नव्या माहितीपत्रकांत सरोवराचे वय ५२ हजार वर्षे असे छापलेले असते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन पद्धतीच्या कालमापनाने ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे असल्याचे दाखवले. तरी पत्रके बदलली नाहीत. ‘बेसॉल्ट खडकातले जगातले एकमेव विवर’ असेही सर्रास लिहितात. ब्राझीलमध्ये वार्जाव आणि व्हिस्टा अलेग्रे ही विवरेही बेसॉल्टातच आहेत. ती फार झिजलेली आहेत. लोणारची कड मात्र अजून उभी आहे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे वर्तुळ काठावर उभे राहून एका नजरेत मावते आणि तळाशी खारे, अल्कधर्मी पाणी दिसते. चंद्रावरची आणि मंगळावरची अनेक विवरेही बेसॉल्टातली, म्हणून त्यांच्या अभ्यासकांना लोणारला यावे लागते. एवढे सत्य हाताशी असताना ‘एकमेव’ या शब्दाची गरज काय?

२०२० च्या जूनमध्ये हे पाणी गुलाबी झाले. टाळेबंदीमुळे कुणालाच कुठे जाता येत नव्हते, आणि लोणारची छायाचित्रे साऱ्या जगात फिरत होती. पाणी आटून खारटपणा वाढल्यावर वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांचा तो रंग होता, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत आढळले. रंग पुढे ओसरला. फुकट मिळालेली एवढी प्रसिद्धी जिल्ह्याला पूर्वी कधी मिळाली नव्हती, आणि ती घेऊन आजही काही जण गुलाबी सरोवराची चित्रे लावून सहली विकतात. मला हे मान्य नाही. हिरवट पाणी पाहून हिरमुसलेले मूल घरी घेऊन गेलेला बाप त्या प्रवासाविषयी चांगले बोलणार नाही. गुलाबी रंगाची गोष्ट सांगावी, पण ती का घडली यासह सांगावी. सूक्ष्मजीवांची ती हकीकत मुलांना परीकथेइतकीच आवडते, हा सांगणाऱ्यांचा अनुभव आहे.

सांगण्यासारखे आणखी किती आहे! लवणासुराचा विष्णूने वध केल्याची पुराणकथा आहे, त्याच विष्णूचे दैत्यसूदन मंदिर गावात आहे आणि त्याच्या भिंतींवर शिल्पांची दाटी आहे. ‘ऐन-ए-अकबरी’त सरोवराच्या क्षाराचा उल्लेख आहे. १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने सरोवराची नोंद केली. गोमुखाची धार आहे, काठावर कमळजा देवी आहे. विज्ञान आणि श्रद्धा इथे एकाच पायवाटेवर भेटतात. दोन्हींचा मान राखून बोलणारा वाटाड्या मिळाला की माणूस दोन तासांचा दिवस करतो. म्हणून गावातल्या मुलामुलींना वाटाड्याचे शिक्षण देण्यावर खर्च करावा, चित्रफितींचा विचार नंतर.

आकडे आणि कल्पकता यांची गाठ किती सुंदर पडू शकते, हे एका वाघाने दाखवले. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून २०१९ च्या जूनमध्ये निघालेला सी-१ हा तरुण वाघ तेलंगणात शिरला, परत महाराष्ट्रात आला, आणि शेते, नाले, रस्ते ओलांडत डिसेंबरात ज्ञानगंगेत पोचला. तोवर त्याने सुमारे १३०० किलोमीटर अंतर कापले होते. पुढे ही वाटचाल ३००० किलोमीटरांवर गेली. गळ्यातली पट्टी तासातासाला त्याचा ठावठिकाणा कळवत होती. त्या हजारो बिंदूंना जोडणारी रेघ नकाशावर पाहिली की वऱ्हाडातल्या ओढ्याकाठच्या झाडोऱ्याचे मोल कळते. ज्ञानगंगेची ओळख करून देताना ‘वाघ दिसेल’ असे सांगण्याची मुळीच गरज नाही. इथे अस्वल आहे, बिबट्या आहे, आणि जोडीदारीण शोधत इतक्या दूर चालत आलेल्या एका वाघाची खरी, नोंदलेली गोष्ट आहे.

सिंदखेडराजाला अशीच नवी गोष्ट २०२४ च्या जूनमध्ये जमिनीतून वर आली. लखुजीरावांच्या समाधीजवळ भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे काम चालू असताना आधी एका शिवमंदिराचा पाया लागला, मग शेषशायी विष्णूची देखणी मूर्ती सापडली. १५९८ मध्ये जिजाऊ जन्मल्या ते हे गाव त्यांच्या आधीही शतकानुशतके नांदते होते, हे मूर्तीने सांगितले. राजवाडा, मोती तलाव, चांदणी तलाव, पुतळा बारव आणि ही नवी मूर्ती यांना एका चालत पाहण्याच्या वाटेत गुंफले, तर जन्मोत्सवाबाहेरच्या दिवसांनाही गावात वर्दळ राहील.

वेग हा आजचा मोठा अडथळा आहे. समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि संपूर्ण ७०१ किलोमीटरचा रस्ता ५ जून २०२५ रोजी. ताशी १२० किलोमीटरने धावणाऱ्या गाडीला मेहकर आणि सिंदखेडराजा ही फाट्यावरची दोन नावे तेवढी उरली आहेत. जुन्या रस्त्यावर चहाला थांबणारा प्रवासी आता थांबत नाही. थांबण्याचा निर्णय घरून निघतानाच झालेला असावा लागतो, आणि तो करून घेणे हे प्रचाराचे काम.

केरळने १९८९ मध्ये घेतलेले घोषवाक्य किंवा २०१० मधली अमिताभ बच्चन यांची गुजरात मोहीम यांचा दाखला अशा वेळी हमखास दिला जातो. ती राज्यांची कामे होती, त्यांच्यामागे वर्षानुवर्षांचा राज्याचा पैसा होता. जिल्ह्याने त्या वाटेला जाऊ नये. आपल्या जवळचा धडा मराठी सहल कंपन्यांचा आहे. १९८४ मध्ये सुरू झालेली केसरी असो की तिच्या मागून आलेल्या इतर, त्यांनी मराठी माणसाला दिवसवार कार्यक्रमपत्रिका दिली. कितव्या दिवशी कुठे, जेवण काय, निजायचे कुठे हे आधी कळले, आणि आयुष्यात कधी राज्याबाहेर न गेलेली माणसे निर्धास्तपणे निघाली. घोषवाक्यापेक्षा या कागदाने अधिक माणसे घराबाहेर काढली, असे माझे मत आहे.

बुलढाण्यासाठी तो कागद असा लिहिता येईल. सकाळी शेगावला दर्शन. दुपारी खामगावहून घाट चढून मेहकर, तिथे बालाजी आणि कंचनी महाल. सूर्यास्ताला लोणारच्या काठावर, मुक्काम लोणारला. पहाटे काठाची फेरी, गोमुख, दैत्यसूदन. दुपारी सिंदखेडराजा. संध्याकाळी अगदी जवळच्या जालना स्थानकावर, मुंबईच्या गाडीत. येताना एक लोहमार्ग, जाताना दुसरा, आणि मधला रेल्वेविना राहिलेला टापू सगळा पाहून झालेला.

एक मर्यादा मात्र पाळावीच लागेल. लोणारला २०२० च्या नोव्हेंबरमध्ये रामसर क्षेत्राचा दर्जा मिळाला. सरोवराचा परिसर अभयारण्य आहे. त्या पाण्यातली जीवसृष्टी त्याच्या अल्कधर्मी गुणावर जगते, आणि सांडपाण्याने किंवा जास्तीच्या गोड्या पाण्याने तो गुण बिघडतो. म्हणून खोल्या आणि खानावळी गावात असाव्यात, विवराच्या उतारावर नकोत. सण-सुट्टीला काठावर किती माणसे सोडायची हे वनखात्याने ठरवावे, आणि तो आकडा भरला की प्रचार करणाऱ्या संस्थेने त्या दिवसाची जाहिरात थांबवावी. हे कलम त्या संस्थेशी होणाऱ्या करारातच लिहिलेले असावे.

पुढची प्रकरणे वाचण्याआधी एक काम सुरू करता येईल, त्याला निविदा लागत नाही. संस्थानच्या परवानगीने भक्तनिवासांच्या दारी आणि शेगावच्या रेल्वे व बसस्थानकांवर वर्षभर, सगळ्या तिथी-वारांना, परतणाऱ्यांना दोनच प्रश्न विचारावेत: उद्या कुठे जाणार, आणि लोणारला का नाही? नाव-पत्ता घेऊ नये. ‘लांब आहे’, ‘गाडी नाही’, ‘राहायची सोय माहीत नाही’, ‘ऐकलेच नव्हते’ अशी उत्तरे येतील. ती वेगवेगळ्या रकान्यांत पडतील. ‘गाडी नाही’चा रकाना एसटीच्या विभाग नियंत्रकांकडे न्यावा, राहण्याच्या सोयीचा लोणार-मेहकरच्या खोलीमालकांकडे. ‘ऐकलेच नव्हते’ हा शेवटचा रकाना तेवढा आपला. त्यात किती माणसे पडतात ते पाहून जाहिरातीचा खर्च ठरवावा.